फोंड्याच्या शिबिरातल्या ताई-दादांनो, देव बरे करो!

माझ्या धाकट्या भावाला कृत्रिम हात मोफत बसवून दिलात. नावं विचारली तर हसून पुढच्या माणसाकडे वळलात, म्हणून इथे लिहितोय.

हा एलएन-४ हात कोपराखाली बसतो, ऑपरेशन लागत नाही. पण पट्टा कुठे रुततो का, हे त्या ताईंनी पुन्हा पुन्हा बोट फिरवून पाहिलं. एवढी माया पैसे मोजूनही मिळत नाही!

यंदा चवथीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधताना तो नुसता बघत बसला नाही. केवणीच्या सालीचा दोर नव्या बोटांत अडकवला, डाव्या हाताने गाठ मारली, तोरिंगाची फळं स्वतः टांगली. आईचे डोळे भरून आले.

नेवऱ्या राखून ठेवल्यात. घरी याच.