चि. मेघास

येळ्ळूर, ता. बेळगाव

चि. मेघा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता उठलीस, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. फोनवर आपलं परत वाजेल, म्हणून लिहितोय. कारचा विषय काढणार नाही. भाताचे पैसे बँकेत आहेत, तुला नको तर नको.

शहापुरातून उद्यमबागेला कामावर सायकलनं जायला काही लांब नाही. गणपत गल्लीत कार उभी करायला जागा मिळत नाही, हेही कबूल. पण खानापूर रोडला गोव्याकडे जाणारे ट्रक असतात गं, आणि मागे चिनू बसलेली असते. बंड्याकाकाच्या अपघाताचं तुला वेगळं सांगायला नको.

मीच ॲटलस सायकलच्या कॅरिअरला दोन्हीकडे दुधाचे कॅन अडकवून वडगाव-शहापूर करायचो. तू पुढच्या नळीवर. घंटी तुझ्याकडे, कुत्रं दिसलं तरी वाजवायचीस, म्हैस दिसली तरी. वडगावातली गिऱ्हाइकं घंटीवरनंच भांडी घेऊन दारात यायची. आता तुला सायकल नको म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?

तेवढं बघ मात्र. बाजाराची पिशवी हँडलला अडकवू नको, वळताना हँडल ओढतं. ओझं मागे आणि खाली बांध. दोन पायांचा स्टँड बसवून घे, चिनूला चढवताना सायकल कलंडत नाही. तिचा पाय आऱ्यांत जाऊ नये म्हणून जाळी लाव. लोखंडी रिम भिजली की ब्रेक उशिरा धरतो, पावसात आधीपासून दाबत जा. आणि तुझा दिवा डायनॅमोचा. सिग्नलला थांबलीस की विझतो. मागच्या ट्रकवाल्याला तू दिसणार कशी?

बघ, लागलोच शिकवायला. रागावू नको.

परवा वडगावात एकानं विचारलं, "तुमची लेक एवढी इंजिनिअर, आणि सायकलवरनं कामाला जाते?" "जाते की," म्हटलं, "नातीला शाळेत सोडून जाते." बरं वाटलं सांगताना. घरी येईपर्यंत परत तो खानापूर रोड डोक्यात.

पावसाळ्यात चिनूला रिक्षानं पाठवशील? बघ, तुझं तू ठरव.

बॅटरीवरचा मागचा लाल दिवा आणलाय, शनिवारी आईबरोबर पाठवतो. सीटखालच्या नळीला बसतो. १० नंबरचा पाना लागेल, संतोषरावांकडे नसेल तर कळव.

तुझा,
बाबा