पाच पाऊणे पावणेचार

देवगड,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

दिवाळीला तू माझ्या फोनमध्ये जो कोड्यांचा खेळ घालून गेलीस, तो मी रोज खेळतो. चौदावी पायरी झाली. आता त्या खेळात मी चांगलाच तरबेज झालोय. बाजारातून आणायच्या चार वस्तूंतला हिंग मात्र काल पुन्हा राहिला. आई म्हणाली, ‘‘फोनाकच सांगा हिंग आणूक.’’

तुला काळजी कशाची लागलीय ते मला ठाऊक आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खालच्या घरची काकी फराळ घेऊन आली आणि मला तिचं नाव आठवेना. ‘‘इतकी वर्षां माझी मनिऑर्डर दिलंस आणि माझा नाव विसारलंस काय रे?’’ म्हणून ती हसली. तू आत जाऊन डोळे पुसलेस, ते मी पाहिलं. मी बोललो नाही एवढंच.

म्हणून तू गेल्यावर काय काय झालं ते सविस्तर लिहितो. फोनवर तू मध्येच ‘‘बरं बाबा, मीटिंग आहे’’ म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता ‘‘वय झालं, चालायचंच’’ म्हटलं. वय एकोणसत्तर हे मलाही माहीत होतं, त्यासाठी गाडीभाडं घालवायची गरज नव्हती. दुसऱ्या डॉक्टरीणबाई बसवून बोलल्या. विस्मरण म्हणजे लगेच डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार, नव्हे. बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलेलं असेल, मन खचलेलं असेल, झोप नसेल, तरीही माणूस विसरतो, आणि यातलं बरंचसं बरं होतं. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. मग त्यांनी विचारलं, टीव्हीचा आवाज किती ठेवता? मी काही बोलायच्या आत तुझ्या आईने सांगून टाकलं.

दोष कानात निघाला. बाई म्हणाल्या, समोरचा काय बोलला हे लावता लावताच डोक्याची सगळी शक्ती खर्ची पडते, मग ते साठवणार कोण? आणि ऐकू येत नाही म्हणून माणूस चार माणसांत जायचं सोडतो. हे मात्र मला लागलं. दोन वर्षं मी भजनाला गेलो नाही, गुडघे दुखतात असं सांगत होतो. गुडघे दुखतात हे खरंच, पण खरं कारण ते नव्हतं. बुवा कोणता अभंग घेतात ते कळायचं नाही, झांज एक मात्रा मागे पडायची आणि पोरं एकमेकांकडे बघायची. आता कानात यंत्र आहे. पहिल्या दिवशी माडाच्या झावळ्यांचा एवढा आवाज होतो हे ऐकून मीच दचकलो. गुरुवारपासून पुन्हा देवळात जातो.

वाचनालयातल्या मासिकात पुढे वाचलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. ती सगळी आयुष्यभर सांभाळली तर साधारण ४५ टक्के रुग्णांत हा आजार टळू शकेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात सगळ्यांत मोठा वाटा दोघांचा: कमी ऐकू येणं आणि वाईट कोलेस्टेरॉल. एकटेपणा आहे, मधुमेह आहे, रक्तदाब आहे, बैठं जगणं आहे. आणि बाय, यातली बरीचशी कारणं लागू होतात ती म्हातारपणी नव्हे, तर चाळिशी-पन्नाशीत. तू एकेचाळीसची. रात्री साडेबाराला मला ‘‘बाबा, झोपलात ना?’’ असा मेसेज कोण करतं? तेव्हा माझ्याबरोबर तुझाही रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल बघून घे, आणि आकडा कळव.

आता माझ्या पोस्टमनच्या नोकरीतली गोष्ट. माझ्या बीटवर अर्ध्या वाडीचं आडनाव एक, त्यातल्या चौघांची नावंही एकच. पाकिटावर ‘मु. पो. देवगड’ एवढंच. तरी टपाल चुकलं नाही, कारण माझ्या डोक्यात नावांची यादी नव्हतीच, वाट होती. साकव ओलांडला की वडाकडले, मग घाटीवर वरचे, मग विहिरीकडले. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर या शास्त्रज्ञ बाईंनी २००० साली दाखवलं की, त्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग वाटा लक्षात ठेवायला कामी येतो, त्याची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी असते. पुढे त्यांनी निवृत्त चालकही तपासले. थोडेच होते, पण त्यांच्यात हा फरक ओसरत गेल्यासारखा दिसला.

हे वाचून मी मासिक मिटून बसलो. निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत मला कुणी विचारलंच नव्हतं, ‘‘पोस्टमन, अमक्याचं घर खंय?’’ आता सगळे नकाशा लावून येतात. काकीचं नाव मी विसरलो त्याचं मूळ तिथंही असेल. लक्ष्मीपूजनाच्याच रात्री तुम्ही सगळे झोपल्यावर मी अंथरुणात डोळे मिटून साकवापासून चालायला लागलो. सातव्या घरी काकी दारात उभी होती, नावासकट.

म्हणून मी तुझा खेळ आता बंद करणार आहे. राग मानू नकोस. मला असं काम हवंय की जे मला आठवलं नाही तर कुणाचं तरी अडेल. शेजारच्या नातवाला मी पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, शिकवतोय. शाळेत आता ती कुणी शिकवत नाही, पण इथं तिच्यावाचून खाडी कळत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार. आज पंचमी, म्हणजे पावणेचारला भरती. अष्टमीला सहा, तेव्हा भांग, म्हणजे पाणी सगळ्यांत कमी चढतं-उतरतं. पोराने मोबाइलवर पडताळून पाहिलं, थोडा फरक निघाला, तर मलाच चिडवतो. पण रोज येऊन विचारतो, आणि विचारतो म्हणून मला तिथी लक्षात ठेवावी लागते.

दुसरं, मोडी. पेटीतले आजोबांचे कागद आठवतात? मी अक्षरं गिरवायला घेतलीत. भयंकर प्रकार आहे! ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही, एक ओळ लावायला सकाळ जाते. दहा ओळींत मला ‘नारळ’ आणि ‘बांध’ एवढंच खात्रीने लागलं. पण चौदाव्या पायरीवर पोचल्यापेक्षा त्या ‘नारळा’चा आनंद जास्त होता.

आणि एक. नातीशी मालवणी बोल. हैदराबादला ६४८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत डिमेन्शिया सुमारे साडेचार वर्षं उशिरा सुरू झाल्याचं त्यात दिसलं, अगदी कधी शाळेत न गेलेल्यांतही. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांत असं निघालेलं नाही, हेही वाचलं. नसेना का निघालं. आजीचं बोलणं तिला कळलं तर तेवढ्यावरही माझं समाधान आहे.

जत्रा सुरू झाल्यात. परवा रात्री दशावतार पाहिला. लिहिलेली संहिता नाही, तोंड रंगवता रंगवता कथा ठरते आणि पहाटेपर्यंत संवाद जागच्या जागी सुचतात. राजाचं काम करणारा माझ्याच वयाचा, दिवसा भातझोडणी करतो. मध्येच नारदाने ठरलेल्याच्या बाहेरचा प्रश्न टाकला, तर राजाने असं उत्तर दिलं की वाडी हसून लोळली. ते मी यंत्र लावून, मागच्या रांगेतून, शब्दन् शब्द ऐकलं.

तू पुढच्या जत्रेला ये. त्याआधी या पत्राला हाताने लिहून उत्तर दे. पिन कोड १९७२ साली आले, पाठ करायला फक्त सहा आकडे. आपला पाकिटावर फोनमध्ये न बघता लिही. चुकलीस तरी इथल्या पोस्टात अजून माझी ओळख आहे, पाकीट घरी येईल.

आई सांगते, हिंग तूच येताना आण.

तुझे,
बाबा