प्रत्यारोपणानंतरची रुखरुख कोणी विचारत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला किडनी प्रत्यारोपणावरचा लेख वाचला. १९५४ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केलेल्या पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणाची हकिगत छान दिली आहे. पण त्यातले दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्यांना लागली नाहीत. आम्हा बाकीच्यांना ती औषधं किडनी चालेल तोवर घ्यावी लागतात, आणि नेमकं तिथेच लेख संपतो.

माझ्या शरीरात मोठ्या बहिणीची किडनी आहे. ती चांगली चालते. तरी टॅक्रोलिमस या अशाच एका औषधामुळे हात असा थरथरतो की भरलेला कप उचलायला दोन्ही हात लागतात. आधी नसलेला मधुमेह मागे लागला. स्टेरॉइडमुळे चेहरा इतका सुजला की जुने ओळखीचे लोक बघून न बघितल्यासारखे पुढे जात. किडनी कशी चालते ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट हाती येईपर्यंत घास उतरत नाही. ताई फोनवर हसत विचारते, ‘काय म्हणतेय माझी किडनी?’ तिला कसं सांगू, की कधीकधी वाटतं डायलिसिसच बरं होतं?

वाटतं, एवढंच. आठवड्यातून तीनदा चार-चार तास सुईला जखडून पडणं मी विसरलेलो नाही. प्रत्यारोपण झालेले रुग्ण डायलिसिसवरच्यांपेक्षा सरासरीने जास्त जगतात, हेही ठाऊक आहे. मात्र सुरुवातीच्या काही आठवड्यांत जिवाचा धोका उलट जास्त असतो. ज्याची किडनी पहिल्याच वर्षी शरीराने नाकारली, त्याने सरासरी घेऊन काय करायचं? त्याला पश्चात्ताप झाला तर तो कृतघ्न ठरतो. नातेवाईक म्हणतात, ‘नवा जन्म मिळालाय, आता कसली रडगाणी?’ मग माणूस गप्प बसतो. (आमच्यात गप्प बसणारेच फार.)

हे गप्प बसणं महागात पडू शकतं. मन उडालं की गोळ्या चुकायला लागतात, आणि चुकलेल्या गोळ्या हे किडनी गमावण्याचं एक मोठं कारण आहे. ओपीडीत रक्तदाब, साखर, लघवीतली प्रथिनं सगळं विचारतात. ‘निर्णय बरोबर वाटतो का?’ हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही. शस्त्रक्रियेआधी समुपदेशन झालं, नाही असं नाही, पण डायलिसिसने पिळून निघालेला माणूस तेव्हा कशालाही हो म्हणतो. हीच माहिती, प्रत्यारोपण झालेल्या एखाद्या रुग्णाशी गाठ घालून दिली असती, तर अधिक पोचली असती. दात्यालाही त्याच वेळी शेजारी बसवावं.

प्रत्यारोपण करू नका, असं मी कोणालाही सांगणार नाही. पुरवणीत पुढच्या वेळी मात्र शस्त्रक्रियेला पाच-सात वर्षं झालेल्यांशी बोला, आणि ज्यांची किडनी टिकली नाही त्यांच्याशीही.

आपला,
एक प्रत्यारोपित रुग्ण