कुस्तीचा वायदा नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘प्रेडिक्शन मार्केट म्हणजे जुगार नव्हे, शेअर बाजारासारखा अभ्यासाचा सौदा आहे’ असं ठासून सांगणारी पोरं आता लातूरच्या आडत बाजारातही भेटू लागली आहेत. अमेरिकेतल्या यूएफसी या ठोसे-लाथा-कुस्तीच्या मिश्र लढती भरवणाऱ्या कंपनीच्या मोठ्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. टपरीवर चहा गार होतो, पण मोबाइलवरचा डोळा हलत नाही. आणि तो डोळा लढतीवर कमी, भावावर जास्त. माझं आयुष्य मालाचे भाव बोलण्यात गेलं, म्हणून या ‘अभ्यासा’बद्दल लिहितो.

सौदा असा असतो. अमुक गडी जिंकणार, या कराराचा भाव समजा 62 सेंट. जिंकला तर एक डॉलर, हरला तर शून्य. लढत चालू असतानाही घेता-विकता येतं. एक ठोसा नीट बसला की भाव कुठल्या कुठे. 62 म्हणजे जिंकण्याची शक्यता 62 टक्के, असं पोरं सांगतात. ठीक. मग त्या भावाने घेत राहणाऱ्याला नफा कधी? शंभरात 62 पेक्षा जास्त वेळा खरा ठरला तरच, आणि तोही फी आणि घेण्या-विकण्यातला फरक सोसून. वर मोबाइलवरचं चित्र काही सेकंद उशिरा येतं. रिंगणाशेजारी बसलेल्याला ठोसा आधी दिसतो, आमच्या पोराला नंतर.

त्यातून ही एकास एक लढत. गुडघा दुखावलाय, वजन उतरवताना अंगातलं पाणी गेलंय, हे गड्याच्या भोवतालच्या दोघा-चौघांनाच ठाऊक असतं. क्रिकेटमध्ये एक फुटला तरी दहा उरतात. इथे एकच माणूस. नोव्हेंबर 2025 च्या पहिल्याच दिवशी लास वेगासमधल्या एका लढतीआधी सट्ट्याचे भाव संशयास्पद हलले, ज्याचं पारडं जड होतं तो पहिल्याच फेरीत हरला आणि यूएफसीने त्याला करारातून मोकळं केलं. त्याच महिन्यात यूएफसीच्या मालक कंपनीने पॉलिमार्केट या प्रेडिक्शन मार्केटशीच भागीदारी जाहीर केली!

वायद्याशी, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच बांधण्याशी, तुलना तर करूच नये. वायद्यामागे माल असतो. सोयाबीन पेरणाऱ्याला भाव पडण्याची धास्ती, तेल गिरणीला चढण्याची; भाव आधीच बांधून दोघंही ती झाकतात. मागे माल असलेला सोयाबीनचा तो वायदाही बाजार नियामक सेबीने डिसेंबर 2021 मध्ये स्थगित केला. लढतीच्या सौद्यात माल कुणाचा? हरण्याची खरी जोखीम फक्त लढणाऱ्याची, आणि त्याने स्वतःच्या हरण्यावर पैसे लावून ती झाकली, तर ती कुस्ती नुराच, म्हणजे आधीच निकाल ठरवलेली.

ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले. असल्या सौद्यांत गुंतवणूकदाराला कसलंही संरक्षण नाही, हे सेबीने त्याच वर्षी एप्रिलमध्येच बजावलं होतं. पण परदेशी साइट आणि क्रिप्टोची आडवाट पोरांना सापडते. बुडालं तर दाद मागायला जायचं कुठे?

माझी काळजी पुढची आहे. नामांकित मल्ल हरिश्चंद्र बिराजदारांच्या या जिल्ह्यात आजही जत्रेच्या फडात हलगी वाजली की गाव गोळा होतं. नुरा कुस्ती तिथेही होते, नाही असं नाही. पण ती गावाच्या नजरेतून सुटत नाही. लोक ओरडतात, जोड उठवायला लावतात, इनाम अडतं. मोबाइलवर भाव लावणाऱ्याला ना पैलवान माहीत, ना वस्ताद. उद्या आपल्या मोठ्या कुस्त्यांवर असे भाव निघाले, तर त्या फडात ओरडणारं कोण असणार?

तालीम संघांनी असे भाव निघण्याची वाट पाहू नये. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या कुस्त्यांपासूनच पैलवान, वस्ताद आणि पंच यांच्याकडून कुठल्याही कुस्तीवर पैसे न लावण्याचं लेखी घ्यावं. दुखापतीमुळे जोड बदलली तर फडातच माइकवरून सांगावं. आणि आपल्या क्रीडा पानावर ‘बाजाराच्या मते अमक्याला 62 टक्के संधी’ अशी ओळ कधी येऊ देऊ नये, ही आपल्याला विनंती.

आपला,
एक आडत व्यापारी, लातूर