निमिषच्या खाण्याविषयी थोडेसे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माझी 26 आठवड्यांची रजा संपत आली असून सोमवारपासून निमिष दिवसभर गिरगावात तुमच्याजवळ राहील. त्याआधी एक गोष्ट कळवते, कारण समोर बसून सांगताना आईचा चेहरा पाहिला की माझा धीर सुटतो. पहिल्या वाढदिवसापर्यंत त्याच्या खाण्यात मीठ, साखर, गूळ किंवा मध घालायचा नाही, असे आम्ही दोघांनी डॉक्टरांना विचारून ठरवले आहे.

आई, यात तुझ्या हातावरचा अविश्वास मुळीच नाही. त्याची मूत्रपिंडे अजून कोवळी आहेत आणि या वयाला लागणारे सोडियम दुधातून व अन्नातून त्याला मिळतेच. तुला ते खिमट अळणी लागेल, पण त्याला खारट चव अजून ठाऊकच नाही. मधात कधी कधी बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात, म्हणून बोटभरसुद्धा चाटवू नये. उष्टावण मात्र दादाच्या मांडीवर, चांदीच्या वाटीतूनच होईल. खिरीत साखरेऐवजी केळे कुस्करू.

तुपावर तुझेच राज्य राहील. आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते, आणि एवढ्याशा पोटात थोडक्या घासांतून तेवढे बळ पोहोचवायचे तर तूप हवेच. भोपळा-गाजरातले कॅरोटीनही त्याच्याशिवाय नीट अंगी लागत नाही. आरंभी वाटीला अर्धा चमचा, पचते आहे असे दिसले की चहाचा एक चमचा, आणि तेही तू घरी कढवलेलेच. तळणीतून उरलेले तेल नको. चिमूटभर हळद, भाजल्या जिऱ्याची पूड चालेल, पण नवा जिन्नस एका वेळी एकच आणि त्यानंतर तीन दिवस थांबायचे. हळद सुटी घेऊ नये, कारण तिच्यात शिशाचा रंग मिसळलेला असू शकतो. झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून देऊ नये. प्रमाण वाढले तर ते विषारी ठरते.

माझा ताप उतरला की तू मऊ भातावर तूप-मेतकूट घालून भरवायचीस, तो घास मला अजून हवासा वाटतो. निमिषलाही तो मिळेल, मात्र जरा उशिरा, कारण मेतकुटात डाळी, गहू, मोहरी असे इतके काही एकत्र असते की बाधले तर कशाने, ते कळायचे नाही.

बाबा, चहात बुडवलेले बिस्कीट त्याला गुपचूप देऊ नका, आणि त्याच्या नादात स्वतःची रक्तदाबाची गोळी व चौपाटीवरचा फेरा चुकवू नका. आईने त्याला कडेवर घेऊन जिना उतरायचा नाही. वरकामाला बाई सकाळी नऊला येतील, त्यांचा पगार मी देणार आहे, त्यावर वाद नको. शेंगदाण्याचे पातळ वाटण मी रविवारी माझ्यासमोर देऊन पाहीन, ते तुम्ही आपण होऊन सुरू करू नये.

तुमची,
चिमी