बोर्डिंग पासमागचे सात शब्द

संपादक महोदय,

दत्तक घेण्याची प्रक्रिया, प्रतीक्षायादी, खर्च यांविषयी पुष्कळ लिहिलं जातं. मूल हातात आल्यानंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांविषयी मात्र फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

परदेशातून मुलगी दत्तक घेतली त्याला आता सहा वर्षं झाली. तिचं नाव आणि देश इथे लिहीत नाही. ती गोष्ट तिची आहे, कोणाला सांगायची ते तिचं तीच ठरवेल.

आमचं प्रकरण १९९३ च्या हेग करारानुसार झालं. मुलासाठी आधी त्याच्याच देशात घर शोधायचं आणि दोन्ही देशांच्या केंद्रीय प्राधिकरणांचा होकार आल्याशिवाय मूल परक्या कुटुंबाच्या हाती द्यायचं नाही, असं तो करार सांगतो. मुलांची पळवापळवी आणि विक्री रोखायची तर हे नियम हवेतच. गृहभेटीचा अहवाल, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासण्या, कागदपत्रांवर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी शिक्का), यात अडीच वर्षं गेली; त्याबद्दल तक्रार नाही. जाडजूड फाईलमध्ये तिचं वजन होतं, लसी होत्या, रक्तगट होता. घाबरली की ती काय म्हणते, हे तेवढं कुठेच नव्हतं.

परतीच्या विमानतळावर ती रडायला लागली. साडेतीन वर्षांची पोर. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, त्यामुळे मी जवळ गेलो की अंग चोरायची. बायकोच्या कडेवरूनही ती निसटली आणि खुर्च्यांच्या रांगेखाली जाऊन बसली. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. आम्हाला वाटलं, पाणी मागतेय. पाच-सहा वेळा बाटली पुढे केली, तिने दर वेळी ढकलून दिली. आजूबाजूची माणसं बघत होती. पोर आमच्यासारखी दिसत नाही, त्या नजरांमध्ये काय असेल ते मला कळत होतं.

तेवढ्यात समोरचे एक आजोबा उठले. काठी खुर्चीला टेकवली आणि गुडघा धरत धरत जमिनीवर बसले. तिच्यापासून चांगले दोन हात लांब, तिच्याकडे अर्धी पाठ करून. बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. तसंच खाली बघत, हळू आवाजात, तिच्या भाषेत काहीतरी बोलले. रडणं थांबलं. त्यांनी दुसरी नाडी सोडली. ती खुर्चीखालून थोडी पुढे सरकली आणि बोलायला लागली, भराभर, श्वास न घेता.

मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी आम्हाला सांगितलं, "ती बाळाबद्दल विचारतेय. रात्री बाळाशेजारी कोण झोपणार?"

संस्थेत तिच्या शेजारच्या पलंगावर एक लहान मूल झोपायचं. ते रडलं की ही त्याच्या पाठीवर थोपटायची. आणि आम्ही तिला पाणी पाजत होतो.

आजोबांनी आम्हाला काहीच विचारलं नाही. तिचे खरे आई-बाप कुठे आहेत, किती पैसे पडले, स्वतःचं मूल का नाही, यातलं एकही नाही. पोर किती नशीबवान, असंही म्हणाले नाहीत. माझा बोर्डिंग पास मागून घेतला आणि त्याच्या पाठीमागे सात शब्द उच्चारासकट लिहून दिले: पाणी, शू, दुखतंय, भीती वाटते, झोप, मी इथेच आहे, बाळ. 'मी इथेच आहे' माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. त्यांच्या विमानाची घोषणा झाली आणि ते गेले. नाव विचारायचं राहून गेलं.

त्या रात्री विमानात ती दचकून उठली तेव्हा मी ते शब्द म्हणालो. उच्चार नक्कीच चुकला असणार. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझं बोट धरलं. पहिल्यांदा.

वर्ष-दीड वर्षात ती तिची भाषा विसरली. आता ते सात शब्द मीच तिला शिकवतो.

दत्तक संस्थांना आणि या कामातल्या समाजसेवकांना माझी कळकळीची विनंती आहे: फाईलला एक पान जोडा. मुलाच्या भाषेतले रोजचे दहा-वीस शब्द, ते कशाने शांत होतं, कोणाशेजारी झोपतं. ज्या मावशी त्याला रोज झोपवतात त्यांना विचारलं तर दहा मिनिटांत लिहून होईल. आम्हाला ते पान मिळालं असतं, तर बाळाचा निरोप घ्यायला तिला त्याच्या पलंगापाशी नेलं असतं.

– एक पालक