आधी रिफ, मग पाऊस

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ‘कॉन्सर्टहून आल्यापासून कान वाजतायत’ म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. आई शेजारीच होती म्हणून मी गप्प बसलो. इथेही त्यावर फार लिहिणार नाही. पत्र रेकॉर्ड प्लेअरसाठी आहे.

तात्यांचा प्लेअर स्पीकर असलेल्या टेबलावर ठेवू नकोस, घुमतो. अँटीस्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून असलेलं बटण) शून्यावर ठेव, सुईचं झाकण काढ आणि आर्म, म्हणजे सुईचा दांडा, आडवा तरंगेपर्यंत मागचं वजन फिरव. मग वजन न हलवता त्यावरची नुसती डायल शून्यावर आण आणि दोन्ही मिळून 2 ग्रॅमवर ने. अँटीस्केटही 2 वर. सुई जपायची म्हणून कमी ठेवशील, तर ती खाचेत नीट बसत नाही. आवाज फाटतो आणि खाचही खरवडते. वायर अँप्लिफायरच्या फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या, सॉकेटमध्येच घाल. ऑक्समध्ये, म्हणजे साध्या सॉकेटमध्ये, बास (खालचे सूर) गायब होतो, कारण एलपी कापताना तो मुद्दाम कमी केलेला असतो आणि फोनो स्टेज तो भरून काढते. मग लोक व्हॉल्यूम वाढवत सुटतात.

आलोच बघ पुन्हा कानांवर.

बर्मिंगहॅमात आहेस तर तिथल्याच ब्लॅक सॅबथ बँडची पहिली रेकॉर्डच लाव. 1969च्या ऑक्टोबरात लंडनच्या रीजंट साउंडमध्ये एका दिवसात वाजवून मोकळे झाले; पाऊस आणि घंटा नंतर जोडली. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाहून जास्त तेवढंच आहे, तेही हळू. हेडफोन लावून माणूस आवाज चढवतो आणि मग गिटार कानावर आदळते. म्हणून आधी रिफवर, म्हणजे गिटारच्या त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, सुई ठेवून व्हॉल्यूम ठरव, मग मागे ये. खालचा सा, वरचा सा, मधला तीव्र म. तो तीव्र म तू सातवीत पेटीवर आपणहून शोधलास. गुरुजी हसले होते, मला मात्र अजून अभिमान वाटतो. आणि ड्रम्स नीट ऐक. एवढ्या वर्षांनी मला तरी त्यांचा ड्रमर बिल वॉर्डच जास्त आवडतो. हात जड, पण चाल जॅझची. गिटारवर वाजवून बघणार असलीस तर नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये वाजव, तारा उतरवण्याचा प्रकार पुढच्या रेकॉर्डांत आला.

त्यांच्या गिटारिस्टच्या, टोनी आयोमीच्या, दोन बोटांची टोकं कारखान्यात कापली गेली, तर त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणं केली. कानातल्या पेशींना टोपण नाही गं. 85 डेसिबल आठ तास चालतं, पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100ला पंधरा मिनिटं उरतात. स्टेजजवळ तर त्याहून जास्त असतं. फोमचे प्लग बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत घाल आणि फुगेपर्यंत बोट धरून ठेव. अर्धवट बसले तर काही उपयोग नाही.

झालं माझं भाषण, माफ कर. दिवाळीत फटाक्यांना भिऊन माजघरात पळणारी तू. आता तुला मोठ्या आवाजाचं काय सांगू? पण उद्यापर्यंत वाजणं थांबलं नाही तर डॉक्टरांकडे जा. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर आजच. त्यात दिवस घालवायचे नसतात.

तुझा,
बाबा

ता. क. सुई पुसताना ब्रश मागून पुढेच ने. आणि डावा वाजतोय की उजवा, तेवढं आईला न सांगता मला कळव.